संत्र्याच्या पेटीतली एकशे चव्वेचाळीस

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. संत्र्याची. मला कुलूप नाही, कडी नाही, झाकणही आता उरलेलं नाही. चार बाजूंना पातळ फळ्या, फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी आणि कोपऱ्यांना खिळे, एवढीच मी. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तक्रार नको. माझी ही गोष्ट कायद्याची आहे आणि मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. मला संत्री कळतात. तेव्हा सांगता सांगता माझा गोंधळ होईल. ऐकता ऐकता तुमचाही झाला तर वाईट वाटून घेऊ नका. तेव्हा मोठमोठ्या माणसांचाही झाला होता.

माझा जन्म पांढुर्ण्याचा, मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखातला. बाजाराच्या मागे दिलीपसेठचं संत्रा भरण्याचं गोडाऊन होतं. त्याच्या दारात एक सुतार दिवसभर पेट्या ठोकत बसायचा. तो आमच्याकडे पाहायचासुद्धा नाही. फळी, फळी, खिळा, खिळा, झाली पेटी, फेकली बाजूला. एका दिवसात आम्ही दोनशे बहिणी जन्माला आलो. आंबिया बहाराची संत्री उतरत होती, बैलगाड्या आणि टेम्पो दारात उभे होते. आत बायका ओळीनं बसून फळं निवडायच्या. मोठं फळ इकडे, बारीक तिकडे, डागी मागे. मग पेटीत धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरायची, फळांचे थर लावायचे, वर पुन्हा तणस, आणि झाकण ठोकून टाकायचं. पेटीच्या अंगावर काळ्या रंगानं सेठचा मार्का आणि फळाचा नंबर मात्र भरण्याआधीच काढून ठेवायचा. हे काम चंद्रकलाचं होतं.

चंद्रकला तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. तिचा हात फार सुरेख. गोडाऊनमध्ये छाप्याचा पत्रा होता, पण तो ती वापरायची नाही. कुंचला बुडवायची आणि एका झटक्यात आकडा काढायची. दिल्लीचे व्यापारी म्हणे पेटीवरचा आकडा पाहूनच ओळखायचे की ही पांढुर्ण्याहून आली. तिची पोरगी सुप्रिया त्या वेळी वर्षाची होती. कामाच्या वेळी तिला कुठे ठेवायचं, तर रिकाम्या पेटीत. त्या दिवशी ती रिकामी पेटी मी होते. माझ्यात सगळ्यांत आधी संत्री भरली गेली नाहीत, मित्रांनो. आधी सुप्रिया बसली आणि तिनं माझी फळी चावून पाहिली. मला ते आवडलं.

त्याच हंगामात एक भानगड झाली. ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं तिच्यावरच अडलं.

दिल्लीच्या व्यापाऱ्यांनी कळवलं की यापुढे फळांचे नंबर नव्या पद्धतीनं पाहिजेत. आमच्याकडे मोठ्या फळाला बारा नंबर म्हणायचे. ते आता झालं वीस. आणि बारीक फळाला आमच्याकडे आधीपासून वीसच म्हणायचे, ते झालं सव्वीस. सेठनं सकाळी दारात उभं राहून हे एका दमात सांगितलं आणि ते चहा प्यायला गेले. चंद्रकलानं रंगवून ठेवलेल्या पेट्यांवर चुना फिरवला आणि नवे आकडे काढले. माझ्यावर आधी बारा होता, तो चुन्याखाली गेला आणि वर वीस आला. पण बायकांच्या हाताला सवय जुनीच. वीस दिसले की त्यांनी बारीक फळ भरलं. दुपारपर्यंत अर्धा टेम्पो चुकीचा भरला. सेठ ओरडले, बायका एकमेकींवर ओरडल्या. एक म्हातारी तर रडायला आली की एका रात्रीत मोठं संत्रं लहान कसं झालं.

तेव्हा चंद्रकला कुंचला हातात घेऊन मध्ये उभी राहिली. "काहून भांडून राहिल्या वं? आकडा बदलला, संत्रं तेच हाये. आत पाहा ना, वर काय पाहता? मोठं फळ मोठंच हाये." तिनं माझ्यातली बारीक फळं काढली, मोठी भरली, आणि सगळ्यांना दाखवलं. मग काम सुरळीत झालं.

मी मात्र दिल्लीला गेले नाही. झाकण ठोकताना माझी एक फळी उभी चिरली आणि सेठनं मला पायानं बाजूला सारलं. माझ्या एकशे नव्याण्णव बहिणी ट्रकमध्ये चढल्या. मी दारात पडून राहिले. फार अपमान वाटला होता तेव्हा. संध्याकाळी चंद्रकलानं मला उचललं, चिरलेल्या फळीवर आडवी पट्टी ठोकली आणि सुप्रियाला माझ्यात बसवून घरी नेलं.

घरी अंकुश होता, सुप्रियाचा बाप. तो त्याच गोडाऊनमध्ये पेट्या चढवायचा. एका वेळी तीन पेट्या खांद्यावर घ्यायचा आणि वर गाणं म्हणायचा. तो चांगला माणूस आहे असं मला तेव्हा वाटायचं. आता काय वाटावं ते मला ठरवता येत नाही. तो नागपूरकडे कंपनीत कामाला गेला. आधी दर आठवड्याला यायचा, मग सणाला यायला लागला, मग यायचाच थांबला. तिकडे त्यानं दुसरा संसार मांडला अशी बातमी आली. चंद्रकला दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं एक सुटकेस, सुप्रिया आणि मी, एवढं घेतलं आणि ती भावाच्या घरी गेली.

भाऊ प्रकाश नगरपालिकेत होता. दोन खोल्यांचं घर, प्रकाश, त्याची बायको पुष्पा, मुलगा अक्षय, आणि आता आम्ही तिघी. कोणी वाईट वागलं नाही. मला खाटेखाली जागा मिळाली आणि नवं काम मिळालं. मी कागदांची पेटी झाले. सुप्रियाचा जन्मदाखला, शाळेचे निकाल, आधार कार्डाच्या झेरॉक्स, आणि सगळ्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत कोर्टाचा हुकूम. तीन वर्षांपूर्वी चंद्रकलानं केस केली होती आणि साहेबांनी हुकूम दिला होता की अंकुशनं पोरीच्या खर्चाचे पैसे दर महिन्याला द्यायचे. त्या कागदावर आकडा होता एकशे पंचवीस. मला वाटलं, हा फळाचा नंबर असेल. मग कळलं की हा कायद्याचा नंबर आहे. चंद्रकला त्याला "माही एकशे पंचवीस" म्हणायची. पैसे यायचे. सुप्रियाच्या वह्या, चपला, चष्मा, सगळं त्यातून व्हायचं.

असं चाललं होतं आणि मी सुखात होते. मग होळीपासून पैसे यायचे बंद झाले.

आता ऐका, इथून गोंधळ सुरू होतो. त्याच वर्षी पाऊस सुरू झाल्यावर तीन गोष्टी एकदम झाल्या. अक्षयचं लग्न ठरलं. प्रकाश एके दिवशी चंद्रकलाजवळ येऊन बसला आणि बराच वेळ खाटेच्या दोरीशी चाळा करत राहिला. "मी तुले जा म्हणून नाई राहिलो," तो म्हणाला. "पण दिवाळीनंतर सूनबाई येईल. दोन खोल्यांत मावते का एवढे जण, तूच सांग." ती म्हणाली, "मले समजते, दादा." दुसरी गोष्ट चांगली होती. सौंसरला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम तिला मिळालं. ती रोज बसनं जाऊ लागली आणि तिथेच तिनं एक खोली पाहिली. विजया मॅडम म्हणून निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांच्या घरामागची खोली. खिडकीतून संत्र्याची बाग दिसते, असं तिनं सुप्रियाला सांगितलं. सुप्रियानं पहिला प्रश्न विचारला, "आपली एकटीची खोली?" चंद्रकला म्हणाली, "आपली दोघींची." मी खाटेखालून ऐकत होते. मला धरून तिघी, असं कोणी म्हणालं नाही.

विजया मॅडम कडक होत्या. त्यांनी पंधरा दिवस खोली राखून ठेवायचं कबूल केलं. पण त्यांना दोन कागद हवे होते. एक, किरायेदाराचा पोलिसांचा फॉर्म. दुसरा, पोरीचा खर्च बापाकडून वसूल करायला अर्ज केला आहे याचा कागद. "एका पगारात किराया आणि पोरगी, दोन्ही होणार नाही," त्या म्हणाल्या होत्या. "आधी हक्काचं मागा, मग खोली घ्या."

म्हणून चंद्रकला वकिलाकडे गेली. वकिलांनी घाईघाईत वसुलीचा अर्ज तयार केला, सही करून आणा म्हणाले आणि कोर्टात दुसऱ्या केसच्या पेशीला पळाले. ही तिसरी गोष्ट. अर्जाची झेरॉक्स काढायला ती वीरेंद्रच्या ऑनलाइनच्या दुकानात थांबली. वीरेंद्र हुशार, फोनवर सगळ्या बातम्या वाचणारा. त्यानं अर्ज पाहिला आणि भुवया वर केल्या.

घरी येऊन तिनं पुष्पाला सगळं सांगितलं, तेव्हा तिला धाप लागली होती. "वीरेंद्र म्हणे, काकू, जुना कायदाच खतम झाला. एक जुलैपासून. एकशे पंचवीस आता नाईच. तुमच्या अर्जावर धारा एकशे चव्वेचाळीस लिवली हाये."

"एकशे चव्वेचाळीस?" पुष्पानं तोंडावर हात ठेवला. "गोटमारीले लागते ते?"

मित्रांनो, तुम्ही पांढुर्ण्याचे नसाल तर सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जाम नदीवर गोटमार असते. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगडफेक. दरवर्षी त्याआधी सरकारी माणूस चौकाचौकात कागद चिकटवतो की धारा, म्हणजे कलम, एकशे चव्वेचाळीस लागली, गोफण आणू नका, जमाव करू नका. शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही आमच्याकडे हा एक आकडा पाठ असतो. एकशे चव्वेचाळीस म्हणजे पोलीस. एकशे चव्वेचाळीस म्हणजे पोराला घरात कोंडा.

"मले काहून लावली?" चंद्रकला म्हणत होती. "मी का गोटे मारून राहिली का? मी तर पोरीचा खर्च मागून राहिली!"

प्रकाशही घाबरला. त्यानं पोलिसांचा फॉर्म वाचून पाहिला. त्यात एक रकाना होता, किरायेदारावर कोणता गुन्हा दाखल आहे काय. तो रकाना त्यानं सगळ्यांना दाखवला. आता कसं? अर्जावर सही केली तर आपल्या नावावर एकशे चव्वेचाळीस लागणार. ती फॉर्ममध्ये लिहावी लागणार. आणि ती वाचून विजया मॅडम खोली देणार नाहीत. सही नाही केली तर वसुली नाही आणि तरीही खोली नाही. शिवाय वीरेंद्रनं आणखी एक शंका घातली होती. जुन्या हुकुमावर पत्ता प्रकाशच्या घराचा, तोही पांढुर्णा जिल्हा झाला नव्हता तेव्हाचा, छिंदवाडा जिल्ह्यातला. जिल्हा बदलला, कायदा बदलला, आता घर बदललं तर हुकूम उरलाच कुठे?

मी हे सगळं ऐकलं आणि माझ्या फटींतून वारा जावा तसं ते निघून गेलं. माझ्या पोटात एकशे पंचवीसचा हुकूम आणि त्याच्यावर एकशे चव्वेचाळीसचा अर्ज, दोन्ही शेजारी शेजारी पडले होते. मला वाटलं, रात्री हे दोघे भांडतील. भांडले नाहीत. कागदच ते.

दहा दिवस अर्ज तसाच पडून राहिला. चंद्रकला सौंसरला जायची, स्वयंपाक करायची, आणि विजया मॅडमच्या गल्लीतून न जाता लांबच्या रस्त्यानं बसवर यायची. तोंड दाखवायची तिला लाज वाटायची. आणि मग माझ्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट दिवस उजाडला. पुष्पा लग्नाच्या आधी खोली रंगवायची म्हणून सामान आवरत होती. तिनं मला खाटेखालून ओढलं. उंदरानं माझा एक कोपरा कुरतडला होता, तो तिनं पाहिला.

"हे पेटी कायले ठेवली? पाणी तापवाले होईन," ती म्हणाली. "अन कागदाचं काय करतेस? कायदाच नाई तर कागद काय कामाचे?"

चंद्रकला भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "जाळा, वहिनी. सगळंच जाळा. मले डोक्याले ताप नको." तिचे डोळे कोरडे होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. पुष्पानं मला अंगणात चुलीजवळ नेऊन ठेवलं. मला आठवलं, माझ्या एकशे नव्याण्णव बहिणी अशाच कुठेतरी दिल्लीच्या शेकोटीत गेल्या असतील. पण त्यांच्या पोटात एका पोरीचा खर्च नव्हता. आपण आग लागल्यावर ओरडू शकत नाही याचं मला इतकं दुःख कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात सुप्रिया शाळेतून आली. गोटमार दोन दिवसांवर आली होती. ती आली ती सरळ माझ्या काठावर बसली, दप्तर न काढता.

"आई, चौकात गोटमारीचा कागद लागला."

"लागू दे."

"त्याच्यावर एकशे चव्वेचाळीस नाईच. एकशे त्रेसष्ट हाये."

चंद्रकलानं मान वर केली. "नीट वाचलं का तू?"

"दोनदा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. धारा एकशे त्रेसष्ट." सुप्रिया बोटांवर आकडे मोजत म्हणाली, "मंग आपली एकशे चव्वेचाळीस गोटमारीची नाई ना? मंग ते कोणाची हाये?"

खरं सांगू का? यानं गोंधळ कमी झाला नाही, वाढलाच. आता तीन आकडे झाले. पण चंद्रकला उठली, मला चुलीपासून उचललं आणि पुन्हा खाटेखाली ठेवलं. ती स्वतःशीच म्हणत होती, "मंग माही एकशे पंचवीस गेली कुठी?" तो प्रश्न चांगला होता. निदान आता ती विचारत होती.

गोटमार झाली. दोन्ही काठांनी डोकी फोडून घेतली, नदीत रोवलेला झेंड्याचा पळस तोडला गेला, आणि गाव पुन्हा कामाला लागलं. त्याच्या पुढच्या रविवारी वस्तीतल्या विहारात कायद्याचं शिबिर होतं. फुकट सल्ला मिळणार होता. कोणता कागद लागेल याचा भरवसा नाही, म्हणून चंद्रकलानं मला अख्खीच डोक्यावर घेतलं आणि विहारात जाऊन टेबलासमोर ठेवलं. मी इतक्या माणसांत दहा वर्षांनी आले होते. एक पोरगा म्हणाला, "संत्री आणली का, मावशी?"

टेबलामागे पूजा नावाची वकीलबाई होती. वय फार तर सत्तावीस, केस घट्ट बांधलेले, आवाज बसलेला, कारण सकाळपासून बोलत होती. तिनं हुकूम वाचला, अर्ज वाचला, आणि म्हणाली, "अर्ज तर अगदी बरोबर आहे, ताई. सही का नाही केली?"

चंद्रकलानं सगळं सांगितलं. गोटमार, वीरेंद्र, रकाना, खोली, सगळं. पूजानं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती समजावू लागली. "दंड प्रक्रिया संहिता गेली, तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे नंबर सरकले. बायको-मुलांच्या खर्चाची एकशे पंचवीस होती, ती झाली एकशे चव्वेचाळीस. आणि जमावबंदीची एकशे चव्वेचाळीस होती, ती झाली एकशे त्रेसष्ट. समजलं?"

"हो," चंद्रकला म्हणाली.

तिला काही समजलं नव्हतं. मला कसं माहीत? तिचा अंगठा माझ्या फळीवर फिरत होता, तोच तो, एकाच जागी, खरखर खरखर. पूजानं पुन्हा सांगितलं. चंद्रकला पुन्हा हो म्हणाली आणि अंगठा फिरतच राहिला. दहा वर्षांचा चुना तो. तिच्या नखाखाली पापुद्रा सुटला आणि टपकन खाली पडला. वीसच्या आकड्याखालून बाराचा आकडा डोकावला.

तिनं खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती एकदम हसली. इतक्या मोठ्यानं की रांगेतल्या बायका वळल्या.

"म्हंजे मार्का बदलला!" ती म्हणाली. "बाराचं झालं वीस अन विसाचं झालं सव्वीस. मी बाराचीच हाये, पण माह्यावर वीस लिवलं, म्हणून मी मलेच बारीक फळ समजून राहिली!"

आता पूजाचा गोंधळ झाला. तिला संत्र्यातलं काही कळत नव्हतं. चंद्रकलानं मला उलटं करून, फळीवर बोट ठेवून, तिला सगळं समजावलं. पूजा ऐकता ऐकता पुढे सरकली. "ताई, मी सकाळपासून घसा फोडून हेच सांगते आहे," ती म्हणाली. "पुढच्या शिबिरात मी ही पेटीच सांगते."

मग चंद्रकलानं भराभर विचारलं. "आतलं फळ तेच ना? माहा हुकूम?"

"हुकूम जिवंत आहे. जुना हुकूम नव्या कायद्यातही चालतो."

"मी घर बदललं तं?"

"खर्च मुलीचा आहे, घराचा नाही. ती जिथे राहील तिथे तिचा हक्क तिच्यासोबत जातो. फक्त नवा पत्ता कोर्टाला अर्ज देऊन कळवा. आणि हा वसुलीचा अर्ज लवकर लावा. पैसे थकल्यापासून वर्षाच्या आत मागावे लागतात. असाच पेटीत ठेवला असता तर एकेक महिना हातचा गेला असता."

"अन पोलिसांचा रकाना?"

पूजानं फॉर्म तिच्यासमोर सरकवला. "तुमच्यावर गुन्हा आहे का, असं विचारलंय. तुमच्यावर कुठे आहे? तुम्ही मागणाऱ्या आहात."

चंद्रकलानं अर्ज माझ्या पाठीवर ठेवून सही केली. फटीवर पेन आलं आणि कागदाला भोक पडलं. पूजा म्हणाली, चालेल. त्या भोकाचा मला आजही अभिमान आहे. सरकारी कागदावर माझीही सही आहे, असं मी समजते.

दुसऱ्या दिवशी अर्ज कोर्टात लागला आणि त्याची प्रत माझ्या पोटात घेऊन आम्ही सौंसरला निघालो. कंडक्टर म्हणाला, "बाई, संत्र्याचा मोसम नाई ना अजून." चंद्रकला म्हणाली, "हे कायद्याची पेटी हाये." त्यानं तिकीट फाडून दिलं.

विजया मॅडमनी दार उघडलं. पंधरा दिवस उलटून वर तीन दिवस झाले होते. त्यांनी अर्ज हातात घेतला, चष्मा लावला, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "चंद्रकला, हे काय? एकशे चव्वेचाळीस? ही तर दंग्याच्या वेळी लावतात."

आम्ही दोघी दारात होतो. घर हातातून जायची वेळ पुन्हा आली होती. पण या वेळी चंद्रकला घाबरली नाही. तिनं मला ओट्यावर ठेवलं, सोललेली बाजू मॅडमकडे केली, आणि बारा, वीस, सव्वीस सगळं पहिल्यापासून सांगितलं. मॅडम दोनदा चुकल्या. तिनं दोनदा सुधारलं. शेवटी मॅडम माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "तीस वर्षं मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं. आणि हे मला एका पेटीकडून कळावं." मग त्या आत गेल्या. आम्ही वाट पाहत उभ्या राहिलो. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात किल्ली होती.

पोलिसांचा फॉर्म तिनं तिथेच भरला. त्या रकान्यात तिनं स्वतःच्या सुरेख हातानं लिहिलं, नाही. एवढ्या लहान शब्दाला तिनं किती वेळ घेतला, काय सांगू.

दसऱ्याच्या आधी आम्ही राहायला आलो. पेशीला अंकुश आला होता. थकलेले पैसे हप्त्यानं देतो, असं त्यानं साहेबांसमोर कबूल केलं, आणि पहिला हप्ता आलाही. चंद्रकला घरी येऊन म्हणाली, "वाळला हाये." सुप्रिया वहीत डोकं घालून बसली होती. तिनं वर न पाहता विचारलं, "माह्याबद्दल विचारलं का त्यानं?" चंद्रकलानं पिशवी खुंटीला लावली. म्हणाली, "विचारलं. कितवीत हाये म्हणे." त्यानं खरंच विचारलं की नाही, हे मला माहीत नाही. मी त्या दिवशी कोर्टात नव्हते. मला आता कायद्याचे आकडे थोडे कळतात, मित्रांनो, पण अंकुश मला अजूनही कळलेला नाही.

मी आता खाटेखाली नसते. मला खिडकीपाशी पालथी ठेवली आहे आणि सुप्रिया माझ्यावर अभ्यास करते. कागद विजया मॅडमनी दिलेल्या फायलीत गेले. माझा कुरतडलेला कोपरा भिंतीकडे आहे, तो दिसत नाही. मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. घरात एखादी मोडकी पेटी असेल तर ती चुलीत घालण्याआधी तिच्यात काय आहे ते एकदा पाहा. एखाद्या कागदावर घाबरवणारा आकडा दिसला तर तो फाडण्याआधी चार जणांना विचारा, आणि त्या चारांपैकी एक तरी ते काम जाणणारा असू द्या. आणि समजलं नसेल तर हो म्हणू नका.

गेल्या रविवारी सुप्रियानं घर सजवायचं म्हणून काळ्या रंगाची डबी आणली आणि आईला म्हणाली, "पेटीवर काहीतरी काढ ना." चंद्रकलानं कुंचला बुडवला. सवयीनं तिचा हात दिलीपसेठच्या मार्क्याकडे वळला आणि हवेतच थांबला. तिनं आयुष्यात हजारो पेट्या रंगवल्या होत्या, मित्रांनो, आणि प्रत्येकीवर दुसऱ्याचं नाव काढलं होतं. तिनं माझ्यावरचा बारा पुसला नाही, वीसही पुसला नाही. त्यांच्या खाली जागा होती, तिथे एका झटक्यात लिहिलं: चंद्रकला, सौंसर.